मर्यादा अनुदानाला घाला, पॅनेलांना नको

प्रश्न असा आहे: 'आमची उपनगरातल्या नोकरदारांची पतपेढी आहे. सभासदांची घरं आणि त्यांच्या सोसायट्या यांना सौर पॅनेलसाठी केंद्राच्या अनुदानावर थोडी भर द्यावी म्हणून संचालक मंडळाने यंदा ४० लाख रुपये बाजूला काढले. पण किती किलोवॅटपर्यंत द्यायचे यावर दोन बैठका अडल्या. कुणी ३ म्हणतं, कुणी १०, कुणी म्हणतं सोसायटीला मर्यादाच नको. ही मर्यादा ठरवायची कशी?'

बैठका अडल्या, कारण चर्चा आकड्यापासून सुरू झाली. मी बावीस वर्षं या कामात आहे. सुरुवातीची वर्षं गच्च्यांवर टेप धरण्यात गेली, नंतरची अशा योजनांचे नियम लिहिण्यात आणि ते नियम प्रत्यक्षात काय करतात हे तपासण्यात. आकडा आधी धरला की त्यामागचं कारण कुणी विचारत नाही, असं मी दर वेळी पाहिलं आहे. म्हणून तुमच्या बैठकीतले दोन्ही आकडे कुठून आले ते आधी पाहू.

३ किलोवॅट हा आकडा केंद्राच्या अनुदानाचा. २०१९ पासूनच्या योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या ३ किलोवॅटला ४० टक्के आणि ३ ते १० मधल्या भागाला २० टक्के मिळायचे. २९ फेब्रुवारी २०२४ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली' योजनेत दर किलोवॅटमागे ठरावीक रक्कम आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे ७८,००० वर हात आखडला, पुढे काही नाही.

१० किलोवॅटचा एक उगम त्या जुन्या योजनेत आहे, दुसरा अगदी वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांचे नियम बदलले. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वितरण कंपनीची तांत्रिक तपासणी लागणार नाही, अर्ज मंजूर धरायचा, असं त्यात आलं. म्हणजे पहिला १० चा आकडा अनुदानाचा, दुसरा वीजजोडणीचा. तुमच्या टेबलावर ते बहुतेक एकमेकांत मिसळले असतील.

मर्यादा मुळात कशासाठी घालतात? एक तर लहान संच दर किलोवॅटमागे महाग पडतो. एक किलोवॅट लावा की पाच, माणसं तेवढीच येतात, अर्थिंगचे खड्डे तेवढेच, टेम्पोचं भाडं तेच, नेट मीटरचा (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज एकच. म्हणून पहिल्या किलोवॅटला हात द्यावा लागतो आणि पुढे त्याची गरज कमी होत जाते. दुसरं कारण, पैसे मोजके आहेत आणि जास्त घरांत पोचले पाहिजेत. तिसरं, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर भरदुपारी किती वीज उलटी चढेल याची काळजी. चौथं, जास्त वीज वापरणारे ग्राहक स्वतःची वीज करू लागले की ज्या चढ्या दरांतून गरीब ग्राहकांचा दर सांभाळला जातो ती मिळकत आटते.

यातली शेवटची दोन कारणं वितरण कंपनीची आणि वीज नियामक आयोगाची आहेत. मंजूर भार, नेट मीटरची क्षमता, ट्रान्सफॉर्मर हे सगळं ते बघतातच. पतपेढीने आपल्या नियमात त्याची काळजी पुन्हा वाहायचं कारण नाही. तुमच्यापुढे पहिली दोनच कारणं आहेत आणि ती दोन्ही पैशाची आहेत.

यातून निघतं ते माझं एकच म्हणणं आहे: मर्यादा अनुदानाला घाला, संचाला घालू नका. 'अर्ज १० किलोवॅटपर्यंतच्या संचालाच चालेल' आणि 'पहिल्या १० किलोवॅटना पैसे मिळतील, पुढे स्वखर्चाने हवं तेवढं लावा' ही वाक्यं मसुद्यात सारखीच दिसतात. गच्चीवर त्यांचा परिणाम उलटा होतो.

मी स्वतः पहिल्या प्रकारचं वाक्य लिहिलं आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, संस्थेचं नाव घेत नाही. १० किलोवॅटपर्यंत अनुदान, त्याच्या वर गेलात तर शून्य. अर्जांचा गठ्ठा आला आणि चाळताना ९.७२ हा आकडा इतक्या वेळा दिसला की मी कॅल्क्युलेटर काढला. ५४० वॅटची १८ पॅनेलं म्हणजे ९.७२ किलोवॅट. एकोणिसावं घातलं की १०.२६ होतात आणि सगळं अनुदान जातं. मुलुंडच्या एका सोसायटीच्या गच्चीवर १६ किलोवॅटची जागा स्वच्छ, सावली नसलेली. त्यांनी १८ पॅनेलं लावली आणि उरलेली गच्ची तशीच उन्हात तापत ठेवली. तीन वर्षांनी त्यांना वाढवायचं होतं, तेव्हा पुन्हा लोखंड वर चढवायचं, नवा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र), नेट मीटरचा नवा अर्ज, जनरल बॉडीत नवा ठराव. खर्च ऐकून त्यांनी विषयच बंद केला. त्या गच्चीवर आणखी सहा किलोवॅट वीज व्हायला हवी होती आणि ती माझ्या एका वाक्यामुळे झाली नाही, हे मला आजही लागतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. जर्मनीत २०१४ च्या कायद्याने १० किलोवॅटपेक्षा मोठ्या संचाने स्वतः वापरलेल्या विजेवरही अक्षय ऊर्जेसाठीच्या अधिभाराचा काही भाग भरायचा ठरला. लोकांनी ९.९ किलोवॅटचे संच लावले आणि छपराचा उरलेला भाग मोकळा सोडला. २०२१ मध्ये ती रेषा ३० किलोवॅटवर नेली, पुढे तो अधिभारच रद्द झाला. पण तोपर्यंत अर्धवट भरलेली छपरं तशीच राहिली. पॅनेल २५ वर्षं टिकतं, म्हणजे एका कलमाने झालेली चूकही तितकी वर्षं छपरावर बसते.

केंद्राच्या आताच्या योजनेत ही चूक नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. ५ किलोवॅट लावणाऱ्यालाही ७८,००० मिळतातच, फक्त वाढत नाहीत. रक्कम पायरीपायरीने उतरते, कुठे कडा लागत नाही.

तरीही त्यात एक वेगळी ओढ आहे. तुमचे बरेच सभासद नोकरी मुंबईत करत असतील आणि घर बदलापूर, विरार किंवा पनवेलकडे असेल. अशा एका रो-हाऊसमध्ये महिन्याला १४० युनिट लागतात असं धरा. एक किलोवॅट आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. त्या घराला दीड किलोवॅट भरपूर झालं. केंद्राच्या मार्गदर्शक तक्त्यातही दीडशे युनिटपर्यंतच्या घराला १ ते २ किलोवॅटच सुचवले आहेत. पण एजन्सीचा माणूस सांगतो, 'साहेब, ७८,००० पूर्ण घ्या, ३ लावा.' माणूस कर्ज काढून ३ लावतो. वर्षाअखेरीला जी युनिटं शिल्लक राहतात, त्यांना मिळणारा दर त्याच्या विकतच्या दराहून बराच कमी असतो. म्हणजे त्याच्या कर्जाचा निम्म्याहून जास्त भाग स्वस्तात वीज विकण्यासाठी जातो.

आणि ते कर्ज तो कुणाकडून काढणार? बहुधा तुमच्याकडूनच. तुम्ही तिसऱ्या किलोवॅटवर भर दिलीत तर ही ओढ वाढवाल. म्हणून घरांसाठी माझी सूचना अशी: पहिल्या किलोवॅटला ८,०००, दुसऱ्याला ४,०००, पुढे काही नाही. तीन लावायचे त्याने खुशाल लावावेत, त्याला १२,००० मिळतीलच.

आता सोसायटी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुंबईत खरा प्रश्न हाच आहे.

केंद्र सोसायटीच्या सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० देतं, घरटी ३ किलोवॅट या हिशोबाने, ५०० किलोवॅटपर्यंत. २८ फ्लॅटच्या सोसायटीला कागदावर ८४ किलोवॅट. आता अशीच एक सात मजली सोसायटी घ्या, गोरेगावची. गेल्या डिसेंबरात तिच्या गच्चीवर गेलो होतो. मी सावली नेहमी डिसेंबरातच मोजतो, तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो आणि पाण्याच्या टाकीची सावली सगळ्यात लांब पडते. गच्ची ३,२०० चौरस फूट. साडेतीनला टाकीची सावली ईशान्येकडे पसरत लिफ्टरूमच्या भिंतीपर्यंत पोचली. ती जागा गेली. कठड्याच्या कडेने चालायला तीन फूट सोडले. डिश अँटेनांचा एक कोपरा होता. आणि जमिनीवर जुना ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर), वर चायना मोझेक. त्यात ड्रिल मारलं की पहिल्या पावसात सातव्या मजल्यावरच्या घरात पाणी उतरणार, म्हणून पॅनेलांचं लोखंडी स्ट्रक्चर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं करायचं. त्यात दोन काकूंनी विचारलं, 'वाळवणं कुठे घालायची? कोजागरी कुठे करायची?' प्रश्न रास्त होता. गच्ची ही त्या इमारतीची एकमेव मोकळी जागा. पॅनेलं आठ फुटांवर उचलली तर खाली वावर राहतो, पण लोखंड वाढतं आणि वाऱ्याचा जोरही वाढतो.

सगळं वजा जाता १,३५० चौरस फूट उरली. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात, म्हणजे १३ किलोवॅट. खजिनदारांनी कॉमन मीटरची वर्षभराची बिलं एका फाईलमध्ये लावून ठेवली होती. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून महिन्याला सरासरी १,५०० युनिट. १३ किलोवॅटमधून महिन्याला येतील साधारण १,५६०. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येईल, एप्रिल-मेमध्ये वर जाईल, वर्षाचा मेळ बसेल. केंद्राचे २ लाख ३४ हजार मिळतील.

तेव्हा कागदावर ८४ आणि गच्चीवर १३. मुंबईत बहुतेक सोसायट्यांच्या बाबतीत हेच होतं. घरटी ठरवलेली मर्यादा इथे कधी लागूच पडत नाही, कारण ती जमिनीवर ऐसपैस पसरलेल्या वसाहतींनाच जुळते. वीस मजली, ८० फ्लॅटच्या टॉवरला ती २४० किलोवॅट देते आणि त्याची गच्ची कदाचित गोरेगावच्या त्या इमारतीएवढीच असते. म्हणून सोसायटीसाठी तुम्ही किलोवॅटच्या मर्यादेवर भांडण्यात वेळ घालवू नका. मोजा ते कॉमन मीटरच्या वर्षाच्या युनिटांनी: गेल्या १२ महिन्यांत जेवढी युनिटं वापरली, तेवढी वर्षात तयार करील इतक्या किलोवॅटना भर मिळेल. शिवाय एकूण रकमेला मर्यादा, दर किलोवॅटला ४,००० आणि सोसायटीमागे जास्तीत जास्त ६०,०००. १५ किलोवॅटनंतर भर थांबते, संच थांबत नाही.

सोसायटीला का द्यायचं, असं कुणी संचालक विचारतील. कॉमन मीटर घरगुती दरातच येतो, पण वापर मोठा असल्याने त्याची बरीचशी युनिटं सगळ्यात वरच्या, महाग स्लॅबमध्ये जातात. तिथे वाचलेलं युनिट फ्लॅटमध्ये वाचलेल्या युनिटाहून जास्त पैसे वाचवतं आणि ते २८ घरांच्या मेंटेनन्समधून कमी होतात, भाडेकरूंच्या आणि पेन्शनरांच्या सुद्धा. मुंबईत ज्याला स्वतःची गच्चीच नाही अशा सभासदापर्यंत पोचायचा हाच रस्ता आहे.

खालच्या मर्यादेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ती वरच्या मर्यादेपेक्षा जास्त माणसांना बाहेर ठेवते. काही संस्था सोयीसाठी 'किमान २ किलोवॅट' लिहितात, तपासणीचा खर्च परवडावा म्हणून. १०० युनिटांच्या आत वापर असलेलं घर त्यामुळे दारातच अडतं. राज्याने २०२५ मध्ये महावितरणच्या अशाच ग्राहकांसाठी 'स्मार्ट' योजना आणली, १ किलोवॅटसाठी. साधारण ५०,००० च्या संचात केंद्राचे ३०,०००, वर दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याचे १७,५००, म्हणजे त्या घराने भरायचे २,५००. तुमच्या सभासदांत असं घर असेल तर तुमचे ८,००० घातल्यावर अनुदान बिलापेक्षा जास्त होईल. तेव्हा नियमात एक ओळ हवीच: सर्व अनुदानं मिळून बिलाच्या ९५ टक्क्यांपुढे जाणार नाहीत. किमान मर्यादा मात्र ठेवू नका. तपासणी महाग वाटत असेल तर लहान संचांची फोटोवरून करा आणि त्यातल्या काहींना अचानक भेट द्या.

मोजायचं काय, हेही लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात वाद होतो. पॅनेलांची क्षमता की इन्व्हर्टरची? पॅनेलं ३.२४ आणि इन्व्हर्टर ३, असं सर्रास असतं आणि त्यात चूक काही नाही. केंद्र पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतलं जे कमी असेल ते धरतं. तुम्हीही तेच धरा, वेगळी मोजपट्टी काढू नका.

एक संच कशाला म्हणायचं हा त्याहून अवघड भाग. पायऱ्या उतरत्या असल्या की मोठा संच तोडून दोन दाखवायचा मोह होतो. एक घर, एक जोडणी, एक अर्ज असा नियम बहुतेक ठिकाणी पुरतो. पण विरारला तीन भाऊ एकाच घरात तीन मजल्यांवर राहतात, तीन चुली, तीन मीटर, तीन रेशनकार्डं, छप्पर एक. हे तुकडे कुणी योजनेसाठी पाडलेले नाहीत, ते कुटुंब खरंच तसं राहतं. अशा ठिकाणी मीटर कधी बसला ते बघा. योजना जाहीर होण्यापूर्वीचा मीटर असेल तर वेगळा अर्ज घ्या, नंतरचा असेल तर एकत्र धरा. तारखेवर ठेवलेला नियम माणसाच्या हेतूवर ठेवलेल्या नियमापेक्षा चालवायला सोपा जातो.

टक्केवारीत अनुदान देऊ नका. 'बिलाच्या १० टक्के' म्हटलं की बिलं फुगतात, हे मी इतक्या फायलींत पाहिलं आहे की त्यावर चर्चा करायचीही इच्छा उरलेली नाही. ठरावीक रुपये द्या.

तुमच्या ४० लाखांचा हिशोब आता बसतो का बघू. १५० घरांना कमाल १२,००० धरले तर १८ लाख. ३० सोसायट्यांना कमाल ६०,००० धरले तर १८ लाख. ४ लाख तपासणीसाठी आणि हिशोब चुकला तर हाताशी. सगळ्यांनाच कमाल मिळणार नाही, त्यामुळे संख्या याहून थोडी वाढेल. मात्र घरांचे आणि सोसायट्यांचे पैसे वेगळ्या खात्यांत ठेवा. एकत्र ठेवलेत तर घरांचे अर्ज आधी येतात, कारण घरात निर्णय रात्रीच्या जेवणावर होतो. सोसायटीला जनरल बॉडीची वाट बघावी लागते आणि ती येते तोवर निधी संपलेला असतो.

राहिलं मर्यादा बदलायचं. पुढच्या वर्षी पॅनेलं स्वस्त होतील, केंद्राचे दर बदलतील, तुम्हालाही आकडे हलवावे लागतील. ब्रिटनने २०१० मध्ये लहान संचांसाठी चांगली योजना सुरू केली, ५ मेगावॅटपर्यंत सगळ्यांना खुली. जमिनीवरचे मोठे सौर प्रकल्पच निधी खाऊन टाकतील अशी भीती वर्षभरात वाटू लागली, म्हणून ऑगस्ट २०११ पासून ५० किलोवॅटच्या वरचे सौर दर एकदम खाली आणले. मग लहान घरांचा दर युनिटला ४३.३ पेन्सवरून २१ पेन्सवर आणायचं ठरवलं, १२ डिसेंबर २०११ पासून. लोकांच्या हरकती घेण्याची मुदत मात्र २३ डिसेंबरपर्यंत होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि सरकार हरलं. त्या तारखेच्या आत संच बसवायला लोकांनी जी धावपळ केली ती करायची वेळ तुमच्या सभासदांवर आणू नका. सातव्या मजल्यावर घाईत बसवलेलं स्ट्रक्चर मला जूनच्या पहिल्या वादळी पावसात बघावं लागलं आहे, ठोकळ्यांसकट सरकलेलं. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. बदल सहा महिने आधी जाहीर करा आणि ज्याचा अर्ज मंजूर झाला आहे त्याला जुनाच दर द्या, संच कधीही बसो.

मसुदा करताना अर्जाच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी मागा: गेल्या १२ महिन्यांची वीजबिलं, गच्चीचा दुपारी साडेतीनचा फोटो आणि छपराला वॉटरप्रूफिंग कधी केलं ते वर्ष. तिसऱ्या रकान्यात दहा वर्षांहून जुनं वर्ष दिसलं तर त्या सोसायटीला आधी वॉटरप्रूफिंग करायला सांगा आणि तोपर्यंत तिची रक्कम तिच्या नावाने राखून ठेवा.